झाड धरून बसा: नाशिकच्या बागांमधला वसंत पाहण्याची रीत

फेब्रुवारी सरत आला की नाशिकची हवा दोन तोंडांनी बोलायला लागते. पहाटे गाडीवर निघालं तर स्वेटर सोडवत नाही आणि दुपारी एकला तोच स्वेटर डिकीत कोंबावा लागतो. रस्त्याच्या कडेला द्राक्षांची दुकानं लागलेली असतात. याच दिवसांत सिग्नलला थांबल्यावर मान वर करायची सवय असेल, तर एखादी काटेसावर दिसते. अंगावर पान नाही, नुसती तांबडी फुलं, आणि फुलाफुलावर कुणी ना कुणी चोच खुपसून बसलेलं.

"पक्षी बघायचेत, कुठे जाऊ?" असं कुणी विचारलं की बहुतेकदा उत्तर त्याच्या मनात तयारच असतं: नांदूरमध्यमेश्वर, पाणपक्ष्यांचं अभयारण्य. थंडीत जरूर जा, त्याला तोड नाही. पण मार्च लागला की तिथले हिवाळी पाहुणे पांगायला लागतात, पाण्यावरचं ऊन डोळ्यांत घुसतं आणि चाळीसेक किलोमीटर जाऊन हाती फार लागत नाही. नेमक्या त्याच दिवसांत घराजवळच्या बागेत मात्र गाणी, भांडणं, घरटी आणि चोरी असं सगळं एकदम चालू असतं. फक्त ते बघायची रीत वेगळी आहे. पाखरामागे धावायचं नाही. एक झाड धरायचं आणि त्याच्याजवळ बसून राहायचं. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी वेळ ठरवा

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पाखरं पंचांग बघत नाहीत. आपल्याकडे त्यांची लगबग महाशिवरात्रीच्या आसपास सुरू होते, होळीनंतर भरात येते आणि रामनवमी उलटली की उन्हाने मंदावते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य, असे सहा-सात आठवडे हाताशी असतात.

फेब्रुवारीअखेर नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्चच्या मध्याला पावणेसातला आणि एप्रिलच्या मध्याला सव्वासहाला. सूर्योदयापासून पुढचे दीड-दोन तास खरे. म्हणजे एप्रिलमध्ये साडेसहाला बागेत पोचलात तरी पहिला अंक सुरू झालेला असतो. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा तासभर जाग येते. दुपारी जाऊच नका. तांबट पक्षी आणि आकाशातली घार सोडली तर कुणी दाद देत नाही.

बागेचं फाटक किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. रविवार टाळता आला तर टाळा, नाहीतर हास्यक्लब जमायच्या आत पोचा. आणि रंगपंचमीला दुर्बीण कपाटातच राहू द्या. त्या दिवशी जुन्या नाशकात जाऊन रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उडी मारावी हे बरं.

पक्षी शोधू नका, झाड निवडा

नवशिका माणूस बागेत शिरला की चालत सुटतो. जॉगिंग ट्रॅकला तीन फेऱ्या मारतो, कबुतरं, कावळे आणि साळुंक्या बघतो आणि "इथे काही नाही" म्हणून घरी जातो. मीही पहिलं वर्ष असंच घालवलं. खरं म्हणजे वसंतातली बाग ही खाणावळ आहे. कुठल्या टेबलावर ताट वाढलंय ते कळलं की जेवणारे आपोआप दिसतात.

पहिला मान काटेसावरीचा. एक तर ती फुलते तेव्हा निष्पर्ण असते, त्यामुळे पानांची आडकाठी नाही. दुसरं, तिच्या जाड, वाटीसारख्या फुलांत मध भरपूर असतो आणि तो सकाळी लवकर जास्त मिळतो. बुलबुल, साळुंकी, भांगपाडी मैना, कोतवाल, कावळे, खारी, मधमाश्या असे सगळे एकाच झाडावर येतात. कोतवाल मधासोबत मधाला आलेले किडेही टिपतो. अर्धा तास एका सावरीखाली बसलात तर आठ-दहा जाती सहज होतात. त्यासाठी एक पाऊलही उचलावं लागत नाही.

पळस आणि पांगारा यांचंही असंच. पळस शहराच्या आत थोडे उरलेत, पण पांडवलेणीच्या आजूबाजूला आणि गंगापूर धरणाच्या रस्त्याला अजून भेटतात. पळस फुलला की त्यावर शिंजीर येणारच. जांभळा शिंजीर, ज्याला सूर्यपक्षीही म्हणतात, तो लांबून साधा काळा वाटतो. सूर्य तुमच्या पाठीशी घ्या आणि पुन्हा बघा. मानेवरून निळी-जांभळी झळाळी वाहताना दिसेल. म्हणून सकाळी झाडाच्या पूर्वेला बसा, तोंड पश्चिमेकडे ठेवा. एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मे पक्षी ओळखू यायला लागतात. फूल लांब नळीचं असलं की हा पठ्ठ्या समोरून जात नाही, देठाशी भोक पाडून मध पळवतो. हे बघायला मला अजून मजा येते.

सिल्व्हर ओक म्हणजे कंपाऊंडलगत लावलेलं ते उंच, फर्नसारख्या पानांचं झाड. लोक त्याला शोभेचं म्हणून सोडून देतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याला नारिंगी ब्रशसारखे तुरे येतात आणि शिंजीर, चष्मेवाले यांची झुंबड उडते. चष्मेवाला हे हिरवट-पिवळं, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं इवलंसं पाखरू. थवा एका फांदीवर आला की सगळी फांदी थरथरते आणि पक्षी मात्र दिसत नाहीत. शेवगा, जास्वंद आणि गिरिपुष्प यांनाही कमी लेखू नका. बाल्कनीतून शेवगा दिसत असेल तर बाहेर पडायचीसुद्धा गरज नाही.

पण फुलांपेक्षा मोठी पंगत फळांची. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळं एकाच वेळी सगळीकडे पिकत नाहीत. आज या चौकातला पिंपळ, पंधरा दिवसांनी पलीकडचा वड. पिकलेलं झाड कसं ओळखायचं हे मला एका बागेतल्या माळीकाकांनी शिकवलं. मी मान मोडेस्तोवर वर बघत होतो. ते झाडू टेकवून म्हणाले, "साहेब, वरती काय बघून राहिले? खाली बघा ना, खाली सगळं लिहिलेलं आहे." खाली अर्धवट खाल्लेली उंबरं, बियांनी भरलेली जांभळट विष्ठा आणि एक हिरवं पीस पडलेलं होतं. मग वर बघितलं तर पंधरा हरियाल.

हरियाल, आपला राज्यपक्षी, हिरव्या पानांत हिरवा होऊन बसतो आणि माणूस खाली आला की उडायच्या ऐवजी दगडासारखा स्तब्ध होतो. फळं टपटप पडताना दिसली आणि वारा नसेल, तर त्याच फांदीवर नजर रोखून दोन मिनिटं थांबा. पिवळे पाय आधी दिसतात. मग एकाचे दोन, दोनाचे सात होतात. तांबट, कोकीळ, कुटुरगा आणि नशीब असेल तर राखी धनेश, हे सगळे याच झाडाचे गिऱ्हाईक. विलायती चिंचेला एप्रिलात गुलाबी आकडे लागले की कीर, म्हणजे आपले नेहमीचे पोपट, तिथे ठाण मांडतात.

शेवटचं झाड म्हणजे वठलेलं झाड, किंवा हिरव्या झाडाची वाळलेली फांदी. आपल्या लोकांना ती डोळ्यांत खुपते, सोसायटीत लगेच तोडायचा ठराव होतो. तांबट आणि सुतारपक्षी यांची घरं तिथेच असतात. फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक दिसलं की समजा, बिऱ्हाड आहे. वाळक्या खोडावर ठिपक्याठिपक्यांचा, डोक्यावर पिवळसर आणि लाल टोपी घातलेला छोटा सुतार दिसला तर तो मराठा सुतार. त्याच्या शास्त्रीय नावातच 'महरॅटेन्सिस' आहे. मराठी मुलखाचं नाव मिरवणारा पक्षी निदान मराठी माणसाने तरी एकदा पाहावा.

बसावं कसं, दुर्बीण धरावी कशी

झाडापासून वीस-पंचवीस पावलं लांब बसा. अगदी बुंध्याशी गेलात तर नुसती पोटं दिसतात आणि मान धरते. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे. पांढरा शर्ट आणि लालभडक ट्रॅकसूट नको. पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. तुम्ही आलात म्हणून पाखरं गप्प झालेली असतात. तुम्ही बाकड्याचा भाग झालात की ती आपापल्या कामाला लागतात.

दुर्बीण नसली तरी सुरुवात होते. घ्यायची झाली तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे कितीपट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण जास्त चांगली असं दुकानदार सांगेल. पण जितकी पट जास्त तितका हाताचा कंप जास्त आणि दिसणारा तुकडा लहान. बागेत पक्षी जवळ असतात आणि सतत हलतात, तिथे ८ पटच सोयीची.

आणल्यावर एकदा नीट जुळवून घ्या, हे निम्मे लोक करतच नाहीत. चष्मा लावून बघणार असाल तर डोळ्यांकडची रबरी कडी आत दाबा, नसेल तर बाहेर काढा. मग उजवा डोळा मिटून, दूरच्या एखाद्या पाटीवर, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावा मिटा, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या भिंगाची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ही कडी नंतर हलवायची नाही. पुढे फक्त मधलं चाक.

पक्षी दिसला की खाली बघून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावर तशीच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा. चार दिवस खांबावरच्या कावळ्यावर सराव केला की हात बसतो. कावळा तक्रार करत नाही.

कानाने बघा

मार्चमध्ये डोळ्यांपेक्षा कान जास्त पक्षी पकडतात. तांबटाने मला तीन आठवडे झुलवलं होतं. 'टुक, टुक, टुक', तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा एकसुरी आवाज. आवाज डावीकडून आला म्हणून डावीकडे जावं, तर उजवीकडून यायचा. तीन झाडं पालथी घातली. नंतर कळलं की ओरडताना तो मान इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. त्याला शोधायचं तर आवाजाकडे जाऊ नका. जवळच्या सगळ्यात उंच, उघड्या फांदीचं टोक बघा. सकाळी तो तिथे ऊन खात बसलेला असतो, चिमणीएवढा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल.

त्याचाच मोठा भाऊ कुटुरगा. 'कुटुर्र, कुटुर्र' असा सुरू झाला की थांबतच नाही, आणि एकाने सुरू केलं की दुसऱ्या झाडावरून दुसरा जाब देतो.

कोकिळेचं गाणं आपल्या कवितांनी बाईच्या नावावर चढवलं आहे. 'कुहू' करणारा नर असतो, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे 'किक्-किक्-किक्' असा घाईघाईचा. तो ऐकलात तर जवळपास कावळ्याचं घरटं शोधा. तिला अंडं तिथे घालायचंय. नर समोर येऊन कावळ्यांना चिडवतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि मागच्या दाराने काम उरकलं जातं.

पहाटे, अजून दिवे मालवायच्या आधी, टाकीवर किंवा केबलच्या खांबावर बसून लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो तो दयाळ. काळा-पांढरा, शेपटी वर. थंडीभर तो जवळजवळ मुका असतो, म्हणून त्याची पहिली तान हीच मी वसंताची तारीख धरतो. दुसऱ्या पक्ष्यांची नक्कलही करतो, त्यामुळे नवख्यांची फसगत ठरलेली. आणि कुंडीतल्या झुडपातून 'टुवीट टुवीट' असा कान किटवणारा आवाज आला, पण पक्षी अंगठ्याएवढा निघाला, तर तो शिंपी. पान शिवून घरटं करणारा हाच. भारद्वाजाचं घुमणं मात्र उदास वाटतं: खोल 'हूप हूप हूप', जणू रिकाम्या पिंपात कुणी तोंड घातलंय. आवाज आला म्हणजे दर्शन होईलच असं नाही. शुभशकुन हवा असेल तर झुडपाच्या बुडाशी बघत बसावं लागतं.

मोबाइलवर मर्लिन नावाचं फुकट अॅप आहे, ते आवाज ऐकून नाव सुचवतं. वापरा, पण त्याचं म्हणणं म्हणजे साक्षीदाराची जबानी, निकाल नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नाव लिहू नका. आणि एक कृपा करा: पक्ष्याला समोर आणण्यासाठी त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा शिरला. तो घरट्याचं काम टाकून भांडायला येतो, आणि दर रविवारी वेगवेगळे पाच जण हेच करतात.

निघालेले पाहुणे

वसंत म्हणजे फक्त येणं नाही, जाणंही आहे. थंडीत आलेले परतीच्या तयारीत असतात आणि जाण्याआधी भरपूर खातात.

यात सगळ्यात देखणी पळस मैना, म्हणजे भोरडी. अंग गुलाबी, डोकं-पंख काळे. सावर आणि पळस फुलले की थवेच्या थवे उतरतात, कलकलाट करतात आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात. मखमलाबाद, गिरणारे भागातल्या द्राक्षबागाईतदाराशी त्यांच्याविषयी बोलाल तर वेगळाच सूर ऐकू येईल. घड तयार झाले की भोरड्या आणि बुलबुल तिथेही पोचतात, म्हणून तर बागांवर जाळ्या. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही.

थिरथिरा भिंतीवर, कंपाऊंडवर बसून शेपूट थरथरवतो. पांढरा धोबी हिरवळीवर शेपटी आपटत पळतो. हे दोघं मार्चअखेरीपासून दिसेनासे होतात. फक्त घोळ करू नका: पांढऱ्या भुवईचा मोठा काळा-पांढरा धोबी इथलाच, तो बारा महिने नदीकाठी असतो.

नदीकाठी

गोदापार्कला जाणार असाल तर फुलांचं गणित थोडं बाजूला ठेवा. इथे बघायचे ते काठ. मातीचा उभा, उघडा कडा दिसला आणि त्यात उंदराच्या बिळासारखी भोकं असली तर ती खंड्याची किंवा वेड्या राघूची असू शकतात. दोघंही जमिनीत बोगदा खणून अंडी घालतात. पलीकडच्या काठावरून बघा, वरून चालत जाऊ नका, माती ढासळते.

पाण्यावर हळदी-कुंकू बदक शोधा. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, नाव देणाऱ्याला दाद द्यावी. पाणवेलीच्या गालिच्यावर पाणकोंबड्या चालतात. पाणवेल नदीच्या तब्येतीचं लक्षण म्हणून वाईटच, पण पाणकोंबड्यांना हे कुणी सांगावं. वंचक हा मळकट बगळा थंडीत चिखलासारखा दिसतो. एप्रिलपासून त्याची पाठ गर्द तपकिरी-लाल होते, गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढतो. तोच पक्षी महिनाभराने पुन्हा बघा, कपडे बदललेले असतील.

मोकळ्या खडकाळ पट्ट्यावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायला लागली तर शकून-अपशकुनाचा विचार सोडा आणि पायाखाली बघा. तिची अंडी उघड्यावर, खड्यांत खडा होऊन पडलेली असतात. आल्या पावली मागे फिरा.

घरटं दिसलं तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात. शिंजिराची मादी बाल्कनीतल्या तारेला, तोरणाला, कपड्याच्या दोरीला कोळिष्टकं आणि काडीकचऱ्याची लोंबती पिशवी विणते. घरातल्यांना वाटतं जाळं लागलंय आणि झाडू फिरतो. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे. महिनाभर तेवढी दोरी सोडून द्या. घरटं 'सुरक्षित जागी' हलवू नका, आई ते सोडून देते. फोटोसाठी पानं बाजूला केली तर कावळ्याला आयतं दार उघडून मिळतं. अंडी-घरट्यांना त्रास देणं आणि पोपट पिंजऱ्यात पाळणं हे दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हे आहेत, हेही शेजारच्यांना हसतहसत सांगून ठेवावं.

बागेची झुडपं मार्चमध्ये छाटली जातात. माझ्या डोळ्यांदेखत एका बागेत मेंदीच्या कुंपणाबरोबर बुलबुलाची दोन पिल्लं कातरली गेली. छाटणाऱ्याला दिसलं नव्हतं, त्याला बोल लावून उपयोग नाही. तेव्हापासून घरटं दिसलं की मी त्या फांदीला सुतळी बांधतो आणि माळ्याला सांगून ठेवतो. बहुतेक माळी ऐकतात, किंबहुना त्यांनाच जास्त घरटी माहीत असतात.

खाली पडलेलं पिल्लू दिसलं, अंगावर पिसं आहेत पण शेपटी आखूड, तर ते उडायला शिकतंय. उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि दूर व्हा, आई-बाप जवळच असतात. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. संक्रांत होऊन दोन महिने झाले तरी झाडांवर नायलॉन मांजा लोंबत असतो आणि मार्चमध्ये घरट्यासाठी धागे गोळा करणारे त्यात अडकतात. हाताशी येईल तेवढा गुंडाळून आणा. अडकलेला पक्षी उंचावर असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दल किंवा वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. तो २०१० पासून पाळला जातो आणि त्यामागची चळवळ नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांची. चिमणीसाठी लाकडी खोका टांगणार असाल तर भोक सव्वा इंचाचं ठेवा, मोठं केलं की साळुंकी शिरते. आणि दाण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते, पिल्लांना मात्र अळ्या लागतात. पाणी ठेवायला पसरट मातीचं भांडं, दोन बोटं खोल, सावलीत. एक दिवसाआड घासून धुवा, नाहीतर पक्ष्यांऐवजी डास येतील. चौकात पोतं उपडं करून कबुतरांना दाणे टाकणं हे मात्र मी पक्षीप्रेमात धरत नाही.

चार पायांचे आणि इतर

खारी तर दिसतीलच. एप्रिलात झुडपावर सरडा छाती वर करून दंड मारताना दिसला आणि त्याचं डोकं-गळा लाल झाला असेल तर तो नर माद्यांना रुबाब दाखवतोय. मुंगूस सकाळी आठच्या सुमारास कुंपणाकडेने पळतं. फुलपाखरांना उशिरा जा, साडेनऊनंतर, पंख तापल्याशिवाय ती उडत नाहीत. कढीपत्ता आणि लिंबाचं झाड तपासा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरच्या फुलपाखराची. हळदीकुंकू नावाचं पिवळं-लाल फुलपाखरू उंच झाडांच्या शेंड्याशी फिरतं. संध्याकाळी सावरीवर पुन्हा या: वटवाघळं मधासाठी येतात, आणि पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन मान तिरकी करून तुम्हालाच निरखतो.

दोन इशारे. आग्यामाश्यांची मोहोळं कड्यांना, उंच झाडांना आणि इमारतींच्या सज्जाला लागतात. त्यांच्याखाली उग्र अत्तर, धूर किंवा आरडाओरडा नको. आणि नाशिकला बिबट्या नवा नाही. मळे-नाल्यांच्या बाजूला झुंजुमुंजू होण्याआधी एकटं जाऊ नका, लहान मुलांना हाताशी ठेवा.

कुठे जावं

पहिल्या महिन्यात एकच जागा धरा, घरापासून पायी जाण्याइतकी. त्यानंतर फिरा. पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान आणि फाळके स्मारकाचा परिसर: इथे माळ, झुडपं आणि झाडं एकत्र आहेत, चीरक (दयाळाच्या कुळातला लहान पक्षी) आणि होले (लहान कबुतरं) सहज मिळतात. गंगापूर रस्त्याने सोमेश्वरपर्यंत नदी आणि जुनी झाडं जवळजवळ, धनेशासाठी माझी पसंती अशाच पट्ट्याला. तपोवनात कपिला संगमाजवळ पहाटे गर्दी व्हायच्या आत. देवळालीत बंगल्यांची जुनी झाडं सुरेख आहेत, पण लष्करी हद्दीजवळ दुर्बीण आणि कॅमेरा पिशवीतून काढू नका.

वही

साधी शंभर पानी पुरे. तारीख, वेळ, झाड, पक्षी आणि तो काय करत होता, एवढ्या पाच गोष्टी. 'शिंजीर दिसला' यापेक्षा 'शिंजिराची मादी कोळिष्टक ओढत होती' हे लिहिलंत तर पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात कुठे बघायचं ते कळेल. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चढवली तर ती अभ्यासकांनाही उपयोगी पडते. फक्त घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका.

आलेल्याची तारीख सगळे लिहितात. गेलेल्याची लिहायला मला बरीच वर्षं लागली, कारण शेवटचा धोबी हा शेवटचा आहे हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून मी आता मार्चच्या मध्यापासून रोज एक ओळ टाकतो: 'धोबी आहे.' 'धोबी आहे.' मग एके दिवशी लिहावं लागतं, 'हिरवळीवर कुणी नाही', आणि त्याच्या वरच्या ओळीखाली रेघ मारतो.